संक्रांत, बारगीर आणि राजांचे खटले

आमच्या अण्णांना, म्हणजे आजोबांना, भिलाई कधी परमुलूख वाटलीच नाही. नागपूरच्या महालातलं घर सोडून ते तिथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये लागले ते 1958 च्या सुमाराला. 4 फेब्रुवारी 1959 ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्घाटन झालं, तेव्हा अण्णा गर्दीत होते की ड्युटीवर, यावर घरात अजून दोन मतं आहेत. "दुर्ग, रायपूर, रतनपूर, सगळं भोसल्यांचं. आपण आपल्याच राज्यात आलो," असं ते पाटोडी-रश्शाचं ताट पुढे आलं की हमखास म्हणत.

आणि मग नागपूरच्या राजाची, आप्पासाहेब भोसल्यांची, गोष्ट निघे. 1817 च्या नोव्हेंबरात ते सीताबर्डीची लढाई हरले, पुढच्या वर्षी इंग्रज रेसिडेंट जेन्किन्सनं आप्पासाहेबांना कैद केलं. आरोप दोन: कंपनीशी दगाफटका, आणि आधीच्या राजाचा, परसोजीचा, खून. अलाहाबादच्या वाटेवर ते पहाऱ्यातून निसटले, महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आसऱ्याला राहिले आणि शेवटी 1840 साली जोधपूरला वारले. पहारेकऱ्यांना कसं फितवलं, हे अण्णा दर वेळी वेगळं सांगत; पण त्यांचा राग ठरलेल्या जागीच यायचा. "गादीवरून उतरवलं, पण चौकशी? पुरावा? एक साक्ष तरी? खरा गुन्हेगार असंल तर बसवा ना पिंजऱ्यात, विचारा सगळ्यांसमोर!" आजी हळूच म्हणायची, "रस्सा निवून राहिला."

त्या काळी भिलाईत रशियन इंजिनीअर पुष्कळ. त्यांतले एक साहेब आमच्या क्वार्टरवर एकदा चहाला आले होते, बिनदुधाच्या. भावाचा लढाईत अंत झाला, असं त्यांनी दुभाष्याकडून सांगितलं; लेनिनग्राड म्हणाले की स्टालिनग्राड, ते आजीला पुढे आठवेना. मात्र न्यूरेंबर्गच्या खटल्याची गोष्ट अण्णांनी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकली. हिटलरनं आत्महत्या केल्यावर अ‍ॅडमिरल डोनिट्झ जर्मनीचा राष्ट्रप्रमुख झाला होता, जेमतेम तीन आठवडे. 1946 च्या निकालात त्याला दहा वर्षांची सजा झाली, ती नौदलप्रमुख म्हणून केलेल्या कृत्यांसाठी. 1956 मध्ये, म्हणजे इकडे भिलाईच्या उभारणीची धामधूम चालू असताना, तो सुटूनही गेला होता. दहा वर्षं थोडी की फार, यावर साहेब काही बोलले नाहीत म्हणे. खटला झाला, कागद उभे राहिले, एवढ्यावर अण्णा मात्र खूश होते.

त्यांची ही खुशी मोडली समोरच्या क्वार्टरमधल्या दीदांनी.

दीदा बर्दवानकडच्या. संक्रांतीला आमच्याकडून तिळाच्या वड्यांचं ताट जायचं, ते कधी रिकामं परतलं नाही. त्यांच्या पाटीशाप्टा त्यावर गरम गरम यायच्या, आत नारळ आणि खजुराचा गूळ. एका वर्षी दीदा स्वतः ताट घेऊन आल्या आणि अण्णांचे आप्पासाहेब नेमके रंगात आलेले. दीदा उभ्याउभ्याच ऐकत राहिल्या. मग आपल्या बंगाली वळणाच्या हिंदीत म्हणाल्या, "दादा, तुमच्या राजाचं ऐकलं. आता आमच्या गावचंही ऐका. आमच्याकडे पोरं झोपेनात तर बर्गी येतील म्हणून निजवतात. बर्गी म्हणजे तुमचेच बारगीर."

रघूजी भोसल्यांचं सैन्य 1742 साली भास्करपंतांच्या हाताखाली बंगालवर गेलं, चौथाई वसुलीला. पुढची आठ-नऊ वर्षं स्वाऱ्या होत राहिल्या. गावं जाळली, माणसं मारली, बायकांची विटंबना झाली, लोक भागीरथी ओलांडून पूर्वेला पळाले. गंगाराम नावाच्या त्या काळच्या बंगाली कवीनं हे सगळं काव्यात लिहून ठेवलंय, आणि त्याचं नावच 'महाराष्ट्र पुराण'. अण्णांच्या गोष्टीत स्वारी असायची, चौथाई असायची. जळलेलं गाव नसायचं. बंगालच्या नवाबानं, अलीवर्दीखानानं, 1744 मध्ये भास्करपंतांना बोलणी करायला मानकरा इथल्या छावणीत बोलावून दग्यानं मारलं, हे अण्णांना पाठ होतं. तेच त्यांनी काढलं. दीदा म्हणाल्या, "मारलं ना. पण आमच्या गावच्या बायकांना कुणी विचारलं का, तुमचं काय झालं?"

ताट आजीच्या हातात तसंच होतं.

मला वाटतं, त्या संध्याकाळपासून अण्णांचा प्रश्न बदलला. आधी राजाला न्याय मिळाला का, हे विचारायचे. आता ते राजाच्या रयतेबद्दल, शत्रूच्या रयतेबद्दल विचारू लागले. दीदांच्या यजमानांशीही मग वाद रंगत; त्यांना जपानी युद्धगुन्हेगारांवरच्या टोकियो खटल्यातले न्यायाधीश राधाबिनोद पाल यांचा केवढा अभिमान. अकरा न्यायाधीशांत पालबाबूंनी एकट्यानं सगळ्या आरोपींना निर्दोष ठरवलं होतं. जेते पराभूतांवर खटले चालवतात, मग अणुबॉम्बचा हिशोब कोण देणार, हा त्यांचा सवाल खराच होता. अण्णा ते मान्य करत, पण सोडत नसत: "अत्याचार झालेच नाहीत असं पालबाबूंनी कुठं म्हटलं? माजी पंतप्रधान तोजोला फाशी, आणि बादशहा हिरोहितोवर आरोपपत्रसुद्धा नाही. गादीवर बसलेल्याला मात्र कुणी हात लावत नाही." या वादात व्हरांड्यात मुर्रा-चण्याच्या किती वाट्या रिकाम्या झाल्या असतील!

अण्णा आणि दीदा, दोघंही आता नाहीत. लायबेरियाच्या माजी राष्ट्राध्यक्षाचा, चार्ल्स टेलरचा, निकाल 2012 मध्ये लागला तेव्हा मला दोघांची फार आठवण झाली. शेजारच्या सिएरा लिओनमधल्या बंडखोरांना बळ दिल्याबद्दल त्याला पन्नास वर्षांची शिक्षा झाली. डोनिट्झनंतर आंतरराष्ट्रीय न्यायालयानं दोषी ठरवलेला तो पहिलाच माजी राष्ट्रप्रमुख. टेलर स्वतः कित्येक महिने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बोलला. तेही झालंच पाहिजे होतं, आप्पासाहेबांसाठी अण्णा तेच मागत होते. पण मी बातमीत शोधत होतो ते दुसरंच. हात तोडलेली माणसं त्या न्यायालयात येऊन बसली होती. त्यांना नाव विचारलं गेलं, गाव विचारलं गेलं, आणि मग, काय झालं ते सांगा, असंही विचारलं गेलं.