यात्रेकरूची वही, तीर्थाची वही

जपानमध्ये देवदर्शन झाले की यात्रेकरू आपली वही पुढे करतो. तिथला लिहिणारा कुंचल्याने देवस्थानचे नाव व तारीख लिहितो आणि लाल शिक्का उमटवतो. याला ‘गोशुइन’ म्हणतात. बौद्ध धर्मसूत्राची हाताने केलेली नक्कल देवळात अर्पण केल्याची ही मूळची पोच. पुढे नक्कल मागे पडली, पोच राहिली. शिकोकू बेटावरच्या ८८ देवळांची यात्रा करणारा अशा ८८ खुणा घेऊन घरी परततो.

आपल्याकडे वही तीर्थाजवळ असते. आमच्या चाळीसगावहून रेल्वेने नाशिकला आणि पुढे त्र्यंबकेश्वरला गेलेल्या माणसाला तीर्थोपाध्याय आधी गाव आणि आडनाव विचारतात. मग जुनी वही निघते. आजोबा-पणजोबा कधी आले, सोबत कोण होते, हे तीत सापडते. जुन्या पानांवर मोडी अक्षर भेटते. आलेला माणूस त्याखाली आपली नोंद करतो.

जागेपाशी नाव ठेवण्याची सवय खानदेशात जुनीच. चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख शके ११२८ चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला. त्याला मिळालेली दाने त्यात कोरली आहेत. संस्कृतासोबत काही ओळी मराठीत आहेत, याचे मला फार अप्रूप वाटते.

आता गोशुइनच्या धर्तीवर डिजिटल संग्रहवस्तू निघाल्या आहेत. ब्लॉकचेन नावाच्या संगणकीय खतावणीत त्यांची मालकी नोंदवतात. ती नोंद खोडणे फार अवघड. पण वस्तू कुणाची एवढेच खतावणी सांगते. तो माणूस तिथे गेला होता का, हे तिला आपोआप कळत नाही. कागदी शिक्काही यातून सुटलेला नाही. १ मे २०१९ रोजी जपानमध्ये ‘रेइवा’ कालगणना सुरू झाली. त्या तारखेच्या शिक्क्यासाठी तोक्योच्या मेइजी देवस्थानी लोक तासन् तास रांगेत उभे राहिले, आणि लगोलग तसले शिक्के इंटरनेटवर विक्रीला आले.

मी मुसलमान, त्र्यंबकच्या वहीत माझ्या आजोबांचे नाव शोधायला मी जाणार नाही. तरी त्या वह्या टिकाव्यात असे मला मनापासून वाटते. कुठले घर कुठल्या गावी होते, कोण कुणाबरोबर चालत आले, हा खानदेशचा इतिहास त्यांत आहे, आणि कागद तर जीर्ण होतच असतो. नव्या तंत्राने आधी या पानांच्या प्रती काढाव्यात. त्या उपाध्यायांच्या आणि त्या त्या घरांच्या हाती राहाव्यात. बाजारात जाऊ नयेत.