सात वर्षांची शिक्षा, नऊ वर्षांचा तुरुंग : कासिम रझवीचा खटला

🧵 १/ दरवर्षी १७ सप्टेंबरला घनसावंगी तालुक्यातील कुंभार पिंपळगावपासून लातूर-नांदेडपर्यंत मराठवाडाभर मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजारोहण होते. भाषणांत रझाकारांचा उल्लेख येतो आणि तरुण श्रोत्यांच्या मनात एक प्रश्न हमखास उभा राहतो : रझाकारांच्या म्होरक्याला फाशी का झाली नाही? त्याला केवळ सात वर्षांचीच शिक्षा का झाली?

२/ या प्रश्नाचे उत्तर फौजदारी कायद्याच्या अगदी प्राथमिक गोष्टींत दडलेले आहे. आरोप कशाचा ठेवला गेला, कोणत्या कायद्याखाली ठेवला गेला आणि शिक्षा कधीपासून मोजली गेली, हे तीन मुद्दे तपासले की चित्र स्पष्ट होते.

३/ प्रथम व्यक्ती. कासिम रझवी हा लातूरला वकिली करणारा गृहस्थ. अलीगढला शिकलेला, कायद्याचा जाणकार. मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीनचे नेतृत्व हाती आल्यावर त्याने रझाकार संघटना वाढवली. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर त्याच महिन्यात तो पकडला गेला.

४/ आता आरोप. रझाकारांच्या अत्याचारांची आठवण गावोगावी होती. परंतु ‘अत्याचार’ हा न्यायालयापुढचा आरोप होऊ शकत नाही. कोणत्या दिवशी, कोणत्या ठिकाणी, कोणाविरुद्ध आणि कोणते कृत्य घडले, हे दोषारोपात नेमके सांगावे लागते व पुराव्याने शाबीत करावे लागते. दूरच्या गावात अनुयायांनी केलेल्या कृत्याशी पुढाऱ्याचा संबंध जोडायचा, तर कट, चिथावणी किंवा प्रत्यक्ष सहभाग सिद्ध व्हावा लागतो.

५/ म्हणून रझवीविरुद्धचे खटले मोजक्या घटनांवर उभे राहिले. त्यांतील दोन प्रमुख. पहिला, ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांच्या खुनाचा. हैदराबादने भारतात विलीन व्हावे असे लिहिणाऱ्या या तरुण संपादकाची ऑगस्ट १९४८ मध्ये हत्या झाली; मारेकऱ्यांनी त्यांचा हातही तोडला. या प्रकरणातील आरोप रझवीविरुद्ध अखेरपर्यंत टिकला नाही.

६/ दुसरा, बीबीनगरचा. जानेवारी १९४८ मध्ये नलगोंडा जिल्ह्यातील बीबीनगर या गावावर रझाकारांनी हल्ला करून घरे लुटली. या प्रकरणात रझवीवरचा दरोड्याचा आरोप सिद्ध झाला. सप्टेंबर १९५० मध्ये त्याला सात वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली आणि ती वरच्या न्यायालयांतही कायम राहिली.

७/ ‘दरोडा’ हा शब्द येथे सौम्य वाटतो. कायद्यात तो तसा नाही. भारतीय दंड संहितेनुसार पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेली जबरी चोरी म्हणजे दरोडा. त्यासाठी जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकत असे. दरोड्यात खून झाल्याचे सिद्ध झाले तरच फाशीची तरतूद लागू होई. म्हणजे प्रश्न न्यायाधीशांच्या दयेचा नव्हता. सिद्ध झालेल्या गुन्ह्याची मर्यादाच तशी होती.

८/ मात्र रझवीला भारतीय दंड संहिता लागू नव्हती. कुंभार पिंपळगाव असो वा बीबीनगर, १९४८ मध्ये दोन्हीकडे हैदराबाद संस्थानाची स्वतंत्र दंड संहिता होती. तिची घडण ब्रिटिश हिंदुस्थानातील संहितेच्या धर्तीवरचीच होती. भारतीय दंड संहिता येथे १ एप्रिल १९५१ रोजी आली. गुन्हा घडला त्या वेळी अमलात असलेल्या कायद्यानेच शिक्षा व्हावी, हे तत्त्व संविधानाच्या अनुच्छेद २० मध्ये आहे.

९/ खटला चालवणारे न्यायालयही नेहमीचे नव्हते. पोलीस कारवाईनंतरच्या लष्करी प्रशासनाने १३५८ फसलीच्या विनियमाने खास न्यायाधिकरणे नेमली होती. त्यांची कार्यपद्धती अधिक झटपट होती. खटला चालू असतानाच २६ जानेवारी १९५० उजाडला आणि अनुच्छेद १४ मधील समानतेचा हक्क आरोपींनाही मिळाला.

१०/ वकील असलेल्या रझवीच्या बाजूने नेमका हाच मुद्दा सर्वोच्च न्यायालयात मांडला गेला : इतर नागरिकांपेक्षा वेगळ्या पद्धतीने आपला खटला का चालवला? १९५३ मध्ये पाच न्यायमूर्तींचे मत दुभंगले. संविधान लागू झाल्यानंतर आरोपींना साररूपाने नेहमीसारखीच सुनावणी मिळाली, असे तिघांनी ठरवले व शिक्षा कायम केली. दोघांनी असहमती नोंदवली. त्यांत नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश विवियन बोस होते.

११/ हा क्षण लक्षात ठेवण्याजोगा आहे. भारतीय संघराज्याला ज्याने आव्हान दिले, त्याच्याच समानतेच्या हक्कासाठी त्या संघराज्याचे दोन न्यायमूर्ती उभे राहिले. हक्क आवडत्या माणसांपुरता नसतो, याचा इतका स्पष्ट दाखला क्वचितच सापडेल.

१२/ आता हिशेब. अटक सप्टेंबर १९४८, सुटका सप्टेंबर १९५७. शिक्षा सात वर्षांची, तुरुंगवास नऊ वर्षांचा. असे का? कारण शिक्षा निकालापासून मोजली जाई. कच्च्या कैदेचा काळ शिक्षेतून वजा करून मिळण्याचा हक्क तेव्हा नव्हता. तो १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ४२८ ने दिला आणि १ एप्रिल १९७४ पासून अमलात आला. आज ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४६८ मध्ये आहे.

१३/ सुटकेनंतर रझवी पाकिस्तानात गेला. देश सोडण्याच्या हमीवर त्याला सोडले, असे सांगितले जाते. त्यामुळे काही जण या सुटकेला ‘प्रोबेशन’ समजतात. ते चूक आहे. प्रोबेशन म्हणजे परिवीक्षा. तीत दोषी ठरलेल्या माणसाला शिक्षा न सुनावता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडतात. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमानुसार, मृत्युदंड किंवा जन्मठेप होऊ शकणाऱ्या गुन्ह्यात अशी सवलत मिळत नाही. ती प्रामुख्याने किरकोळ आणि पहिल्यांदाच गुन्हा करणाऱ्यांसाठी आहे. रझवीने शिक्षा पूर्ण भोगली होती.

१४/ आणखी एक बाजू. पोलीस कारवाईनंतर उस्मानाबाद, नांदेड, गुलबर्गा आदी जिल्ह्यांत मुस्लिम वस्त्यांवर भीषण हल्ले झाले. सुंदरलाल समितीने मृतांची संख्या २७,००० ते ४०,००० असावी असा अंदाज दिला. हा अहवाल अनेक दशके जनतेसमोर आला नाही. रझाकारांनी मारलेले असोत वा नंतरच्या हिंसाचारात मेलेले, त्यांतील बहुतेकांच्या नावाने दोषारोप कधी वाचला गेलाच नाही.

१५/ म्हणून ‘सात वर्षेच का?’ या प्रश्नाचे उत्तर असे : न्यायालयाने रझाकार चळवळीचा निवाडा केलाच नव्हता, एका गावावरील एका दरोड्याचा केला. उरलेला निवाडा इतिहासाकडे येतो. तेथे शिक्षा देता येत नाही. पुरावा मात्र तितक्याच काटेकोरपणे तपासावा लागतो, आणि दोन्ही बाजूंच्या मृतांसाठी.

(समाप्त)