मुलुंडहून खरेदीला

मुलुंड १९५७ साली बृहन्मुंबईत आलं, तरी लग्नाची खरेदी म्हणजे दादर, हे काही बदललं नाही. साड्यांसाठी बायका लोकलने रानडे रोडच गाठत. अंधेरी मात्र आम्हाला परगावच. घाटकोपरला उतरून ३४० नंबरची बस धरायची आणि असल्फा, साकीनाका करत, हादरे खात पोचायचं. मस्कतचे दीर मे महिन्यात सहकुटुंब आले की वाद ठरलेला: जाऊबाईंना दादर हवं, मुलांना मॉल.

१९९९ साली हाजी अलीला क्रॉसरोड्स हा मॉल उघडला. गर्दी आवरेना, तेव्हा आत शिरायला मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर साठ रुपये भरा, असा नियम निघाला. दिरांकडे दोन्ही होतं, आमच्याकडे एकही नाही. मला तो नियम अजून खुपतो.

पुढे मॉलच उपनगरात आले, तेही लालबहादूर शास्त्री मार्गावर, कारखान्यांच्या जुन्या पट्ट्यात. भोंग्यावर घड्याळ लावणारी माणसं तिथेच सरकत्या जिन्यापाशी बिचकू लागली.

८ जून २०१४ ला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो धावली. अंतर जेमतेम साडेअकरा किलोमीटर, पण पूर्व-पश्चिम सोयरीक तिनेच जुळवली. आता जाऊबाई कुर्ते अंधेरीच्या लोखंडवाल्यात घेतात. भाजणी, मेतकूट आणि कोकम मात्र दादरचंच; सामानाचं वजन वाढतं म्हणून दीर दरवर्षी कुरकुरतात, आणि मेतकुटाचा पुडा पहिला तेच फोडतात.