अग्रशाळेतील मुक्काम

गोमंतकातील देवालयांच्या अग्रशाळांना निव्वळ धर्मशाळा म्हणणे बरोबर होणार नाही. १५६० च्या सुमारास, पोर्तुगीज सत्तेखालील साष्टीत देवळांवर गदा आली असता, कुशस्थळीच्या श्रीमंगेशाचे लिंग जुवारी नदीपार प्रियोळास नेण्यात आले. केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास, लोटलीचा रामनाथ बांदिवड्यास गेला. पलीकडचा अंत्रुज महाल तेव्हा आदिलशाहीत होता, म्हणून ही वाट. देवामागून काही कुळे आली. कित्येक थेट कारवार-मंगळुराकडे, कित्येक घाटावर गेली. घरे, शेते, माडबागा मागे राहिल्या. लोटलीकर हे आडनाव तेवढे देवाबरोबर हलले नाही.

अशा विखुरलेल्या कुळाव्यांस गोव्यात हक्काचे छप्पर उरले ते बहुधा अग्रशाळेचेच. बेळगावचे एखादे कुटुंब येथे उतरते, अभिषेक सांगते. संकल्पाच्या वेळी भटजी गोत्र विचारतात ते चटकन सांगता येते. पणजोबांच्या नावाशी मात्र यजमान अडखळतो, आणि ते आतून आजीच पुरविते! दुपारी प्रसादाचे भोजन झाल्यावर सारी मंडळी ओसरीवर लवंडतात. नातवंडांस नदीपलीकडच्या मूळ गावाचे नाव ऐकविले जाते. तेथे जाऊन आलेला त्यांत सहसा कोणी नसतो.