तीस वर्षांचा पट्टा

मंडळी, पवनी किती जुनी, हे पवनीकरांना सांगायला नको. १९६९-७० साली जगन्नाथ टेकडीवर उत्खनन झाले, तेव्हा मातीखालून दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप निघाला. वैनगंगेच्या काठी, मातीच्या त्या तटाच्या आडोशाला माणसे तेव्हापासून घरे बांधून राहत आली आहेत. आता पवनीसारख्या आपल्या विदर्भातल्या एखाद्या जुन्या गावात नझूलच्या जागेवर घर असेल, तर त्याचा कागद पेटीतून काढून पाहा. त्यावर मुदत असते : तीस वर्षे. वस्ती दोन हजार वर्षांची आणि घराखालची जागा तीस वर्षांची! हे कसे झाले?

जुने राजे जमीन देत ती सूर्यचंद्र असेतोवर. वाकाटकांच्या ताम्रपटांतली भाषा तशीच आहे. पण अचलपूरजवळच्या चम्मकचा दुसऱ्या प्रवरसेनाचा ताम्रपट शिक्षक मंडळींनी अवश्य पाहावा. हजार ब्राह्मणांना गाव दिले. पण त्यांनी राज्याशी द्रोह करू नये, चोरी करू नये, दुसऱ्या गावांना उपद्रव देऊ नये, हे पाळतील तोवरच. ‘शर्तभंग’ हा कचेरीतला शब्द नवा असेल, गोष्ट मात्र दीड हजार वर्षांची आहे. मुदत तेवढी नव्हती.

मुदत आली ती इंग्रजी अमलात. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. १८६१ साली मध्यप्रांत झाला. पुढे बंदोबस्त झाला, मालगुजारांना गावांची मालकी मिळाली. कुणाच्याच मालकीत न गेलेली गावठाणातली जागा मात्र सरकारने आपल्याकडे ठेवली. तिला नाव पडले नझूल. शब्द अरबी, मूळ अर्थ ‘उतरणे’; म्हणजे सरकारकडे उतरलेली जागा. या जागा लोकांना घरांसाठी पट्ट्याने देऊ लागले. मुदत बहुधा तीस वर्षे, दरसाल द्यायचे भाडे ते भूभाटक, आणि मुदत संपली की नूतनीकरण. मध्यप्रांतातला पहिला बंदोबस्तही बहुतेक ठिकाणी तीस वर्षांचाच होता. सरकारला एका पिढीने पुन्हा हिशेब करायचा असे, असेच म्हणावे लागेल.

पण घराचा हिशेब असा चालत नाही. आजोबांनी पट्टा घेतला, वडिलांनी माडी चढवली, आणि मुदत संपली तेव्हा नातू नोकरीला परगावी. भूभाटक भरत होतो, मग घर आपलेच, अशी सगळ्यांची समजूत. खाजगी मालकाने मुदतीनंतरही भाडे घेतले, तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने भाडेकरूला काही आधार मिळतो. जुन्या सरकारी पट्ट्यांना तो कायदा जसाच्या तसा लागत नसे. १८९५ च्या सरकारी अनुदान कायद्याने तो बाजूला ठेवला होता. तिथे पट्ट्यात लिहिले असेल ते खरे धरत. म्हणून पट्टा वाचला पाहिजे, नुसता जपून ठेवून भागत नाही.

घरात राहणाऱ्याला उद्या कुणी हाकलते असे सहसा होत नाही. अडते ते दुसरीकडे. मुलीच्या शिक्षणासाठी घर तारण ठेवायला जावे, तर बँक विचारते, मुदत कुठे आहे? विकायला जावे, तर घेणारा मागे सरतो. आखीव पत्रिकेवर अजून आजोबांचेच नाव असते. म्हणजे आधी वारस नोंद, मग नूतनीकरणाचा अर्ज, मग मोजणी आणि मौका चौकशी. त्यात ओसरी वाढवून दुकान काढलेले निघाले, की शर्तभंग. नूतनीकरणाला भूभाटक नव्याने ठरते आणि ते जुन्या दराचे राहत नाही. भांडणे होतात ती इथेच, आणि म्हाताऱ्या विधवा बाईला त्या कागदांतून वाट काढणे किती अवघड जाते, हे आपण सारे जाणतो.

आपणच असे अडकलो आहोत असे नाही. नागपूरला सुधार प्रन्यासच्या भूखंडांवर आज फ्लॅट उभे आहेत. फ्लॅट आपला, पण खालची जमीन पट्ट्याची. इंग्लंडात तर फ्लॅट बहुधा असेच असतात. तिथे १९९३ च्या कायद्याने फ्लॅटवाल्याला आणखी नव्वद वर्षांची वाढ हक्काने मागता येऊ लागली. ज्यांनी आपल्याला पट्टा शिकवला, त्यांनाही घरी त्याचा जाच होताच.

आपल्याकडे दुसरी वाट निघाली. सात-बारावरचे वर्ग-१ आणि वर्ग-२ शेतकऱ्याला ठाऊक असतात. महाराष्ट्र शासनाने २०१९ साली नियम केले, त्यांप्रमाणे ठरलेली रक्कम भरून पट्ट्याची जमीन भोगवटादार वर्ग-१ करून घेता येऊ लागली. मग तीस वर्षांचा फेरा उरत नाही. मात्र ती रक्कम जमिनीच्या सरकारी मूल्यावर ठरते. चौकातल्या दुकानदाराला ती झेपते, गल्लीतल्या विणकराला झेपेलच असे नाही. आणि मुदत संपलेल्यांचे मागचे येणे आधी निघते : नूतनीकरण जुनी मुदत संपल्या तारखेपासून धरतात, त्यामुळे मधल्या साऱ्या वर्षांचे भूभाटक अंगावर येते. तेव्हा पेटी उघडाल तेव्हा पट्ट्यावरची सुरुवातीची तारीख आधी पाहा, तीत तीस मिळवा, आणि आलेले साल मागे पडले असेल तर शेवटच्या पावत्या कुठे आहेत ते शोधायला लागा.