वेंगुर्ले : बंदर, घाटरस्ता आणि नगरपालिका

कोकण किनाऱ्यावरील लहान नगरांच्या इतिहासाकडे वळले म्हणजे अभ्यासकाची दृष्टी साहजिकच प्रथम जलदुर्गांवर स्थिरावते. मालवणचा विचार सिंधुदुर्गावाचून होत नाही. विजयदुर्ग हे नाव गावाचे की किल्ल्याचे, हा प्रश्न तर कोणाला पडतही नाही. वेंगुर्ल्याला असा किल्ला लाभला नाही. उत्तरेस निवती आणि दक्षिणेस रेडीचा यशवंतगड अशा दोन दुर्गांच्या मधोमध वसलेल्या या नगरात जुन्या वैभवाची खूण म्हणून दाखविता येतात त्या एका परकीय कंपनीच्या वखारीच्या पडक्या भिंती. ही गोष्ट वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु वेंगुर्ल्याच्या गेल्या पावणेचारशे वर्षांच्या इतिहासाचे मर्म तिच्यात आहे. हे नगर स्वतःच्या सामर्थ्याने क्वचितच मोठे झाले. दुसऱ्या कोणाला दुसरीकडे कोठे तरी जावयाचे होते, म्हणून ते वाढले. आणि त्या जाणाऱ्याची वाट बदलली की ते मागे पडले.

या वाटांपैकी पहिली गोव्याची होय. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात वेंगुर्ले आदिलशाही मुलखात मोडत असे. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीने पोर्तुगीजांचे पूर्वेकडील वर्चस्व मोडावयाचे ठरविले, तेव्हा गोवा थेट जिंकण्यापेक्षा त्याचे मुख बंद करणे तिला अधिक सोयीचे वाटले. १६३६ पासून डच गलबतांचे तांडे पावसाळा संपताच मांडवीच्या तोंडाशी येऊन उभे राहू लागले व पुढील पावसाळ्याच्या तोंडावर निघून जाऊ लागले. वर्षातील इतके महिने समुद्रात राहणाऱ्या या जहाजांना गोडे पाणी, तांदूळ, जळाऊ लाकूड आणि ताजे मांस कोठून मिळावयाचे? गोव्याच्या उत्तरेस जवळच, परंतु पोर्तुगीजांच्या अमलाबाहेर असलेले आणि बऱ्यापैकी नांगरवाडा असलेले ठिकाण म्हणजे वेंगुर्ले. विजापूर दरबाराच्या संमतीने १६३७ च्या सुमारास डचांनी येथे वखार घातली.

या वखारीचे महत्त्व केवळ रसदीपुरते नव्हते. वेंगुर्ल्याहून खुष्कीच्या मार्गाने सुरतेकडे व पूर्व किनाऱ्याकडे पत्रे धाडली जात, आणि दख्खनच्या राजकारणातील वार्ता याच पत्रांतून कंपनीच्या वरिष्ठांपर्यंत पोहोचत. महाराष्ट्राच्या इतिहासलेखनास या गोष्टीचा अनपेक्षित लाभ झाला. शिवकालाच्या साधनांत डच पत्रव्यवहाराला जे स्थान आहे त्यातील मोठा वाटा वेंगुर्लेकर डचांचा होय. १६७४ मध्ये येथील वखारीचा प्रमुख असलेल्या अब्राहम लेफेबर याच्या पत्रातून रायगडावरील राज्याभिषेकाची वार्ता कंपनीच्या दप्तरात पोहोचली. ज्यांना केवळ वेलदोडे व मिरी यांचे भाव कळवावयाचे होते त्यांनी राज्यांच्या उदयास्ताच्या नोंदी मागे ठेवाव्या, हा योगायोग काही लहान नव्हे. वेलदोड्यांचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे. फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये याने या गावाच्या नांगरवाड्याबरोबर येथे मिळणाऱ्या वेलदोड्यांचीही प्रशंसा केली आहे.

याच ताव्हेर्नियेने गावाचे नाव मात्र ‘मिंग्रेला’ असे लिहिले असून ते रूप नंतरच्या पुष्कळ युरोपीय लेखनात रूढ झाले. ‘वेंगुर्ले’चे ‘मिंग्रेला’ कसे झाले, हा प्रश्न भाषाभ्यासकाने सोडून देण्याजोगा नाही. आद्य व्यंजन दंतोष्ठ्य किंवा ओष्ठ्य ‘व’, त्याच्या पाठोपाठ अनुनासिक. अशा स्थितीत पुढील अनुनासिकाच्या प्रभावाने ‘व’चा ‘म’ ऐकू येणे ध्वनिदृष्ट्या सुलभ आहे. शिवाय काकेशस पर्वतालगतचा मिंग्रेलिया हा प्रांत त्या काळच्या युरोपीय वाचकांस परिचित होता आणि ताव्हेर्नियेच्या प्रवासवृत्तात तोही येतो. अनोळखी नाव ओळखीच्या नावाच्या साच्यात बसविण्याची प्रवृत्ती येथे काही अंशी कार्यकारी झाली असावी.

त्याहून अधिक महत्त्वाची बाब नामाच्या अंत्य स्वराची आहे. शिष्ट मराठीत ‘वेंगुर्ले’ हे नपुंसकलिंगी नाम असून जुन्या लेखनात त्यावर अनुस्वार दिला जाई. डच लेखनात मात्र ‘विंगुर्ला’ असे आकारान्त रूप आढळते, आणि आजही शासकीय व्यवहारात, एवढेच नव्हे तर नगरपरिषदेच्या नावातही ‘वेंगुर्ला’ हेच रूप योजिले जाते. हा इंग्रजी लिपीचा परिणाम आहे असे समजण्याचा प्रघात आहे. तो पूर्णतः मान्य करता येत नाही. मालवणी बोलीत नपुंसकलिंगी एकवचनाचा प्रत्यय ‘-एं’ नसून ‘-आं’ आहे. ‘तें’, ‘माझें’, ‘केलें’ यांच्या ठिकाणी मालवणी माणूस ‘तां’, ‘माझां’, ‘केलां’ म्हणतो. त्या न्यायाने गावकऱ्याच्या तोंडचे रूप ‘वेंगुर्लां’ असेच असणार, आणि अनुनासिक गळाल्यावर राहते ते ‘वेंगुर्ला’. म्हणजे परकीयांनी नाव बिघडविले असे म्हणण्यापेक्षा, त्यांनी ते ग्रांथिक मराठीतून न घेता बंदरावरील माणसांच्या तोंडून घेतले, असे म्हणणे अधिक युक्त होईल. सामान्यरूप दोन्हींचे एकच, ‘वेंगुर्ल्या-’. त्यामुळे नित्याच्या बोलण्यात या भेदाची अडचण कोणास जाणवत नाही. ‘वेंग’ म्हणजे कवेत घेणे, या शब्दाशी ग्रामनामाचा संबंध जोडून ग्रामदेवता सातेरीची एक कथा गावात सांगितली जाते. वारुळाच्या रूपाने पूजिल्या जाणाऱ्या या देवीचा महिमा जाणण्यास ती कथा उपयोगी आहे. व्युत्पत्तीला तिचा आधार घेता येणार नाही.

असो. डचांनी १६५६ मध्ये कोलंबो व १६६३ मध्ये कोचीन घेतले, पोर्तुगीजांशी त्यांचा तहही झाला, आणि गोव्याची नाकेबंदी निरर्थक ठरली. वखारीचे कारणच नाहीसे झाले. गावाच्या वाट्याला मात्र या काळात मोठे हाल आले. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरमध्ये दिल्याप्रमाणे १६६४ मध्ये येथे बंडाळी झाल्यामुळे शिवाजी महाराजांच्या आज्ञेने गाव जाळण्यात आले आणि १६७५ मध्ये मोगलांनी ते पुन्हा जाळले. १६९६ मध्ये खेमसावंतांनी वखार लुटली. व्यापारी ठाणे लष्करी बळावाचून उभे असले म्हणजे त्याची जी गती होते तीच येथे झाली. पुढील शतक सावंतवाडीकर, आंग्रे, करवीरकर आणि पोर्तुगीज यांच्या झगड्यांत गेले. इंग्रजांनी १७७२ मध्ये येथे वखार उघडली आणि १८१२ मध्ये सावंतवाडीच्या राणीकडून वेंगुर्ले कायमचे आपल्या ताब्यात घेतले. चाचेगिरीचा बंदोबस्त हे त्याचे सांगितलेले कारण होते.

पेशवाईच्या अस्तानंतर बेळगाव येथे इंग्रजांची मोठी छावणी झाली आणि वेंगुर्ल्याला दुसऱ्यांदा एक वाट सापडली. छावणीचे सामानसुमान व पलटणी मुंबईहून समुद्रमार्गे वेंगुर्ल्यास उतरत आणि घाट चढून वर जात. प्रथम ही वाहतूक रामघाटाने होई; हा घाट उभा व बैलांचा जीव घेणारा होता. आंबोलीवरून जाणारा पारपोली घाटाचा गाडीरस्ता १८६० नंतरच्या दशकात बांधला गेल्यावर मात्र परिस्थिती पालटली. बेळगावच्या परिसरातील कापूस, गूळ, धान्य खाली येऊ लागले. नारळ, मीठ, सुकी मासळी व विलायती माल वर जाऊ लागला. एखाद्या नगराच्या भाग्योदयाचे श्रेय एकाच रस्त्याला देणे बहुधा अतिशयोक्तीचे असते. येथे ती अतिशयोक्ती नाही. किनाऱ्यावरील इतर बंदरांच्या पाठीशीही सह्याद्री होता. पण बेळगावच्या पठारापर्यंत गाडी नेणारा चांगला रस्ता त्यांच्यापैकी फारच थोड्यांना लाभला. किनाऱ्यापासून सुमारे नऊ मैलांवर समुद्रात असलेल्या वेंगुर्ले खडकांवर याच सुमारास दीपगृह उभारण्यात आले. नगराचा एक भाग आजही ‘कॅम्प’ या नावाने ओळखला जातो. दाभोली नाका, शिरोडा नाका ही नावेही रहदारीच्या नगराचीच आहेत.

या भरभराटीच्या दिवसांत नगरपालिकेचा जन्म झाला. मुंबई इलाख्याचा जिल्हा म्युनिसिपल कायदा १८७३ चा. त्यानंतर लवकरच, त्या दशकाच्या मध्यास, वेंगुर्ल्यास नगरपालिका आली. मालवणसारख्या किल्ल्याच्या गावाला जी संस्था विसाव्या शतकात मिळाली ती वेंगुर्ल्याला त्यापूर्वी चार दशके मिळाली, याचे कारण उघड आहे. रस्त्यांची दुरुस्ती, दिवाबत्ती, विहिरींची व्यवस्था, बाजाराची शिस्त, देवी टोचणे ही कामे रहदारीच्या नगरालाच प्रथम भासतात, आणि त्यांचा खर्च भागविण्याजोगा पैसाही तेथेच असतो. त्या काळच्या लहान नगरपालिकांचे उत्पन्न मुख्यतः जकात व घरपट्टी यांवर अवलंबून असे. संस्थेचा पायाच अशा प्रकारे मालाच्या ये-जा करण्यावर घातलेला होता.

आणि हाच पाया पुढे एका पिढीच्या आत खचला. पोर्तुगीज हद्दीतील मार्मागोवा बंदरापासून कॅसलरॉकपर्यंतचा लोहमार्ग १८८८ मध्ये वाहतुकीस खुला झाला व सदर्न मराठा रेल्वेने तो बेळगाव-धारवाडशी जोडला गेला. ज्या गोव्याच्या कोंडीमुळे वेंगुर्ल्याचा प्रथम उदय झाला होता, त्याच गोव्याच्या बंदराने अडीचशे वर्षांनंतर त्याचा व्यापार ओढून नेला. घाटरस्ता राहिला, त्यावरून जाणारा माल राहिला नाही. बंदर उघडे राहिले. परंतु त्यात उतरणारी आणि त्यातून निघणारी मुख्य वस्तू आता माणसे झाली. मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, घरकामात जाणारा दक्षिण कोकणातील माणूस मुंबई–गोवा आगबोटीने जाई, आणि त्याची मनीऑर्डर हे या भागाचे खरे उत्पन्न होऊन बसले. पावसाळ्यात आगबोटी बंद पडत, तेव्हा मुंबईची वाट दीर्घ व कष्टाची होई.

एवढ्यावर थांबले म्हणजे वेंगुर्ल्याचा इतिहास ऱ्हासाचा इतिहास ठरतो, आणि बहुतेक लेखकांनी तो तसाच सांगितला आहे. हे मत एकांगी आहे. व्यापार गेल्यावर अनेक बंदरे पुन्हा खेडी झाली. वेंगुर्ले झाले नाही. शाळा, इस्पितळ, बाजार, कचेऱ्या यांच्यामुळे भोवतालच्या शिरोडे, आरवली, तुळस, मातोंड, परुळे या गावांचे ते केंद्र राहिले. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने येथे चालविलेल्या सेंट ल्यूक्स इस्पितळाची ख्याती दूरवर होती. तेथील डॉक्टर गोहीन यांचा १९१९ मध्ये वेंगुर्ल्यास जन्मलेला मुलगा रॉबर्ट गोहीन पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष आणि १९७७ ते १९८० या काळात अमेरिकेचा भारतातील राजदूत झाला. शिरोड्याच्या शाळेत वि. स. खांडेकर १९२० पासून शिक्षक होते. त्याच शिरोड्यास १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. मंगेश पाडगावकर वेंगुर्ल्याचे, चिं. त्र्यं. खानोलकर तालुक्यातील बागलांची राई या गावचे. व्यापाराच्या ओहोटीच्या काळात या टापूने मराठीला जे दिले, त्याचे मोल भरभराटीच्या काळातील आयात-निर्यातीच्या आकड्यांपेक्षा कमी मानता येणार नाही.

जमिनीनेही साथ दिली. १९५७ मध्ये येथे फळसंशोधन केंद्र निघाले व पुढे ते कोकण कृषी विद्यापीठाच्या कक्षेत आले. ‘वेंगुर्ला’ हे नाव आणि पुढे क्रमांक, अशी नावे असलेल्या काजूच्या जाती आज कोकणाबाहेरही लावल्या जातात. नीलम व हापूस यांच्या संकरातून निघालेला ‘रत्ना’ आणि त्यापासून सिद्ध झालेला, अत्यंत पातळ कोयीचा ‘सिंधू’ हे आंबेही याच केंद्राचे. ज्या गावाचे नाव एके काळी युरोपच्या नकाशांवर वेलदोड्यांसाठी चुकीचे लिहिले गेले, ते आता काजूच्या रोपांवर बिनचूक लिहिले जाते.

१९६५ च्या महाराष्ट्र नगरपालिका अधिनियमाने नगरपालिकेची नगरपरिषद झाली. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, पण त्याचे मुख्य ठाणे ओरोस येथे ठेवण्यात आले. मुंबई–गोवा राष्ट्रीय महामार्ग कुडाळ व सावंतवाडीवरून गेला, आणि १९९८ मध्ये पूर्ण झालेली कोकण रेल्वेही त्याच बाजूने गेली. लोहमार्गाने वेंगुर्ल्याला वगळण्याची ही दुसरी वेळ. आगबोटींची वाहतूक त्यापूर्वीच बंद पडली होती. २०२१ मध्ये तालुक्यातील चिपी येथे विमानतळ सुरू झाला; नगराला त्याचा लाभ किती होईल, हे त्यास जोडणाऱ्या रस्त्यांवर अवलंबून राहील. येथेही प्रश्न पुन्हा वाटेचाच आहे.

२०११ च्या जनगणनेत या नगराची लोकसंख्या सुमारे बारा हजार भरली. एवढ्या लहान, ‘क’ वर्गातील नगरपरिषदेकडे अखिल भारताचे लक्ष वेधले गेले ते तिने कचऱ्याच्या केलेल्या व्यवस्थेमुळे. २०१५ नंतरच्या काही वर्षांत घरोघरी कचरा वेगळा करून घेणे, ओल्या कचऱ्यापासून जैववायू काढणे, प्लॅस्टिकचा उपयोग रस्त्याच्या डांबरात करणे, आणि जेथे पूर्वी कचऱ्याचे ढीग साचत तेथे लोकांना पाहावयास येता येईल असे उद्यान उभारणे, ही कामे तिने पार पाडली. दूरदूरच्या नगरांचे अधिकारी ती पाहण्यास येऊ लागले. जकातीच्या काळी नगरपालिकेचा हिशेब नगरात किती माल आला यावरून होत असे. आता नगरातून बाहेर टाकले जाणारे काय आणि किती, याची वर्गवारी करण्यात तिचे कर्मचारी गुंतलेले असतात, आणि डच वखारीच्या पडक्या भिंतींपेक्षा हे उद्यान पाहावयास येणाऱ्यांची वर्दळ अधिक असते.