अर्ज कधी टाकावा?

बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात एक मुदत आहे, तिच्याकडे आपलं सहसा लक्ष जात नाही. चार वर्षांची मुदत, ऑक्टोबर १९१७ पासून मोजायची. चार वर्षांच्या आत परत आलात तर अर्धवट राहिलेला अभ्यास जिथे सोडला तिथून पुढे चालू करता येईल, अशी परवानगी त्यांना लंडनमध्ये मिळाली होती. प्रा. एडविन कॅनन यांनी शिफारस केली म्हणून मिळाली. चरित्र वाचताना आपण महाडच्या दिशेने घाईने निघालेलो असतो, त्यामुळे ही ओळ डोळ्यांखालून सरकून जाते.

मला ती हल्ली सारखी आठवते, कारण आमच्या घरात सध्या तारखांचंच राज्य आहे. भाचीला पीएच.डी.साठी अमेरिकेला जायचंय. यंदा अर्ज करायचा की एक वर्ष थांबायचं, यावर घरातल्या प्रत्येकाचं मत आहे (तिने विचारलेलं नसतानाही). माझंही आहे, पण ते नंतर. आधी इतिहास. तो मला जरा बरा जमतो.

तर १९१३ सालची गोष्ट. बी.ए. झालेले भीमराव जानेवारीत बडोद्याला नोकरीवर रुजू झाले आणि काही दिवसांतच वडील आजारी असल्याचं कळून परत मुंबईला आले. २ फेब्रुवारीला रामजी सुभेदार गेले. पुढे काय, हा प्रश्न समोर असताना सयाजीराव महाराजांनी काही विद्यार्थी अमेरिकेला पाठवायचं ठरवलं. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी. करारावर सही झाली ४ जून १९१३ रोजी. जुलैत ते न्यूयॉर्कला पोचलेसुद्धा! सही ते बंदर, मध्ये दोन महिनेही नाहीत. आज नुसतं व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळवायला कधी कधी याहून जास्त वेळ लागतो.

"थांबू का?" असा प्रश्न त्यांना पडायला जागाच नव्हती. दार उघडलं होतं आणि ते किती वेळ उघडं राहील हे उघडणाऱ्याच्या हातात होतं. मात्र तीन वर्षांचं घड्याळ पहिल्या दिवसापासून सुरू झालं. १९१५ मध्ये एम.ए., १९१६ च्या मे महिन्यात गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये जातिसंस्थेवरचा तो प्रसिद्ध निबंध, त्याच वर्षी पीएच.डी.चा प्रबंध. इतर कुणी असता तर इथे थांबून घरी परतला असता. यांनी एका वर्षाची वाढ मिळवली आणि लंडन गाठलं. ग्रेज इनमध्ये कायदा, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र, दोन्हीकडे एकदमच नाव घातलं. १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली आणि परत यावं लागलं. महायुद्ध चालू होतं. पुस्तकं वेगळ्या बोटीने पाठवली होती, ती बोट पाणतीराने बुडवली.

पुढचं बडोदं सगळ्यांना माहीत आहे. कोलंबियाच्या पदवीधराला गावात राहायला खोली मिळेना. पारशी विश्रामगृहातून काठ्या घेऊन आलेल्या माणसांनी बाहेर काढलं. मुंबईला परत. आता नोकरी नाही, पैसे नाहीत, आणि चार वर्षांपैकी महिने एकेक करून संपत चाललेले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली. चांगल्या पगाराची नोकरी. पण ती त्यांनी पहिल्या दिवसापासून परतीच्या भाड्यासाठीच केली असावी, असं मला वाटतं. परळच्या चाळीतला संसार रमाबाईंनी काटकसरीने चालवला आणि उरलेले पैसे बाजूला पडत गेले. अर्ज करणाऱ्याच्या मागे घरात दुसरं कुणीतरी असतं, ज्याचं नाव अर्जावर कुठेच येत नाही. रमाबाईंचा हा हिशेब कुणी सविस्तर लिहायला हवा.

आणि आता खरा पेच. १९२० साल उजाडलं. ३१ जानेवारीला 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. मार्चमध्ये माणगावची परिषद, अध्यक्ष हे, आणि शाहू महाराज स्वतः हजर. मे महिन्याच्या शेवटी नागपूरची परिषद. म्हणजे सार्वजनिक आयुष्याची गाडी नुकती सुरू होऊन वेग घेत होती. कुठलाही हितचिंतक म्हणाला असता, आता कसले जाता, लोक तुमच्याकडे बघताहेत, एक-दोन वर्षांनी बघा. पण एक-दोन वर्षांनी ती मुदत संपली असती! मार्चमध्ये त्यांनी सिडनॅमची नोकरी सोडली होती. साठवलेले पैसे, मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेलं पाच हजारांचं कर्ज आणि शाहू महाराजांची मदत, एवढ्यावर जुलै १९२० मध्ये ते लंडनला निघाले. मुदत संपायला सव्वा वर्ष उरलं होतं.

याची किंमत पडलीच. 'मूकनायक' त्यांच्या मागे फार काळ टिकला नाही, १९२३ पर्यंत बंदच पडला. बदल्यात १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टरी आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. आली. तिचा रुपयावरचा प्रबंध परीक्षकांनी एकदा परत पाठवला होता, तो दुरुस्त करून पुन्हा द्यावा लागला. कोलंबियाची गंमत तर आणखी निराळी. तिथे प्रबंधाच्या छापील प्रती दिल्याशिवाय पदवी मिळत नसे. पुस्तक छापून झालं १९२५ मध्ये आणि पीएच.डी. रीतसर मिळाली १९२७ मध्ये. 'पाच वर्षांत व्हायलाच पाहिजे' म्हणणाऱ्या आमच्या नातेवाइकांसाठी ही नोंद मुद्दाम करून ठेवते.

आनंदीबाई जोशींचं गणित याच्या अगदी उलट. गोपाळरावांनी कोल्हापूरच्या वाइल्डर नावाच्या मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार केला १८७८ मध्ये, तेव्हा आनंदीबाई तेरा वर्षांच्या. 'ख्रिस्ती व्हा, मग बघू' अशा अर्थाचं उत्तर आलं आणि प्रकरण मिटल्यासारखं झालं. पण ती पत्रं अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापली गेली. ती १८८० मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंच्या वाचनात आली, दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत असताना! तिथून दोघींची पत्रं सुरू झाली. एप्रिल १८८३ मध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या. एकट्या. दोघांनी मिळून जायचं तर नोकरी, रजा, पैसा यांतलं काहीच जुळत नव्हतं, आणि सगळं जुळेपर्यंत थांबायचं नाही असं ठरलं.

मला सगळ्यात आवडतो तो त्यांचा अर्ज. तो त्यांनी अमेरिकेत पोचल्यावर केला. आधी समुद्र ओलांडला, मग प्रवेश मागितला! आपली तयारी कॉलेजच्या सगळ्या अटींत बसत नाही, हे त्यांनी त्यात स्वतःहूनच मान्य केलं होतं आणि आपल्या देशातल्या बायकांची गरज पुढे ठेवली होती. फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजने त्यांना घेतलं. तब्येत निघण्याआधीपासूनच बरी नव्हती, डोकेदुखी आणि ताप मागे लागलेले होते. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. आणखी थोडं सावरून, इंग्रजी नीट पक्कं करून, तब्येत सुधारून मग गेल्या असत्या तर? मला वाटतं, मग गेल्याच नसत्या.

इरावतीबाई कर्व्यांचं थोडक्यात सांगते. १९२८ मध्ये घुर्ये यांच्या हाताखाली एम.ए. आणि त्याच वर्षाअखेर बर्लिन. सासरे म्हणजे साक्षात धोंडो केशव कर्वे, पण त्यांचा या जाण्याला विरोध होता. नवरा दिनकर मात्र ठाम. तो स्वतः जर्मनीत डॉक्टरेट करून आलेला. पैसे जीवराज मेहता यांच्याकडून कर्जाऊ. बर्लिनच्या कैसर विल्हेल्म संस्थेत ऑयगेन फिशर यांच्याकडे काम केलं आणि वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेला आधार देईल असं काही कवट्यांच्या मोजमापात सापडत नाही, हे त्याच फिशरसाहेबांना लिहून देऊन बाई परत आल्या. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि फिशर बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले. सासऱ्यांचं ऐकून चार-पाच वर्षं थांबल्या असत्या तर कुठल्या बर्लिनमध्ये उतरल्या असत्या, याचा विचार करून बघा.

असो. आजचं कॅलेंडर वरवर पाहता फार शिस्तीचं आहे. अमेरिकेत पीएच.डी.चे बहुतेक अर्ज डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बंद होतात, काही जानेवारीत. निकाल जानेवारी ते मार्च. मग १५ एप्रिल. ही तारीख फार महत्त्वाची. तिथल्या बहुतेक विद्यापीठांनी आपसात मान्य केलंय की आर्थिक मदतीसह प्रवेश देऊ केलेल्या विद्यार्थ्याला १५ एप्रिलच्या आत उत्तर द्यायला भाग पाडायचं नाही. त्यामुळे प्रतीक्षा यादीतली नावं बऱ्याचदा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात हलतात. जीआरईचे गुण पाच वर्षं चालतात, टोफेलचे दोन. २०२० नंतर कित्येक विभागांनी जीआरई मागणंच सोडून दिलं. आणि बाबासाहेबांना मिळाली तशी सवलत आजही असते, तिला डिफरल म्हणतात. पण ती प्रत्येक विभाग देतोच असं नाही, आणि दिली तरी जागेबरोबर पैसेही राखून ठेवतील याची खात्री नसते.

ही शिस्त बाहेरून कधी मोडेल ते सांगता येत नाही. २०२५ मध्ये संशोधनाच्या सरकारी पैशाला कात्री लागली तेव्हा काही विद्यापीठांनी पीएच.डी.च्या जागा कमी केल्या, काहींनी दिलेले प्रवेशसुद्धा मागे घेतले. मे महिन्याच्या शेवटी विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे थांबवल्या होत्या. आमच्या भावजींचं म्हणणं यावरूनच आहे: वारं शांत होऊ दे, पोरगी वर्षभर नोकरी करेल, चार पैसे गाठीला लागतील. ताईचं म्हणणं, भावजी दोन वर्षांनी निवृत्त होणार, मग कर्ज कुणाच्या पगारावर काढायचं? दोघांचंही चूक नाही, म्हणून तर भांडण मिटत नाही.

माझं मत असं की वारं बघून ठरवू नये, शिफारसपत्रं बघून ठरवावं. तीन पत्रं लागतात. भाचीला मनापासून ओळखणारे प्राध्यापक आज दोन आहेत. तिसऱ्यांनी तिला एका विषयाला पंच्याऐंशी गुण दिले, एवढाच परिचय. असं पत्र 'विद्यार्थिनी हुशार व नियमित आहे' यापुढे जात नाही. पण जिथे तिचा प्रकल्प चालू आहे तिथल्या बाई नोव्हेंबरपर्यंत तिचं काम बघून लिहायला तयार असतील, तर यंदाच टाकावेत. तेही दहा-बारा नकोत. एकेका अर्जाला साधारण पाऊणशे ते शंभर डॉलर पडतात, म्हणून जिथून बोलावणं आलं तर खरंच जाशील अशाच चार-पाच जागी टाक, असं तिला सांगितलं. नाही झालं तर पुढच्या डिसेंबरला पुन्हा.

बाईंनी परवा तिला प्रकल्पाचा कच्चा मसुदा मागितलाय. दसऱ्यापर्यंत द्यायचाय, आणि सध्या त्याची अकरा पानं झाली आहेत.